चित्रकलेत 'सी' ग्रेड

पहिल्या सत्राचे निकाल लागले की मला हमखास दोन-तीन फोन येतात. "मावशी, बाकी सगळं छान आहे, पण चित्रकलेत 'सी' ग्रेड दिलीय. क्लास लावू का?" मूल असतं दुसरी-तिसरीतलं. बडोद्यात इतकी वर्षं प्राथमिकच्या मुलांना चित्रकला शिकवली, म्हणून माझ्याकडे यावर औषध असेल असं लोकांना वाटतं. मी म्हणते, आधी ते चित्र पाठवा.

यंदा आलेलं चित्र गरब्याचं होतं. चित्रकार सात वर्षांची. मधे माताजींची तसबीर, भोवती मोठं वर्तुळ आणि वर्तुळावर नाचणाऱ्या बायका. वरच्या सरळ उभ्या, बाजूच्या आडव्या आणि खालच्या चक्क उलट्या, फुलाच्या पाकळ्या पसराव्यात तशा. खालच्या बायकांवर लाल पेनची फुली होती.

त्या फुलीचा मला राग आला. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणाच्या अभ्यासकाने मुलांच्या चित्रांतले टप्पे 1947 सालच्या आपल्या पुस्तकात मांडले. साधारण सात ते नऊ या वयात मूल डोळ्यांना दिसतं ते काढत नाही, त्याला ठाऊक असतं ते काढतं. घराच्या भिंतीआडची माणसंही दाखवतं, महत्त्वाची वस्तू मोठी काढतं आणि गोल बसलेली किंवा नाचणारी माणसं अशी बाहेर उलगडून ठेवतं. गरब्यात प्रत्येकीचे पाय जमिनीवर असतात आणि कुणीही कुणाच्या मागे लपायला नको, हे या मुलीने सोडवलं होतं. सगळ्यांचे तळवे मोठे, कारण टाळी! प्रत्येकीच्या चणियाची नक्षी वेगळी. मोबाइलमधल्या फोटोत इतका गरबा मावत नाही.

याच वर्गात दोन डोंगर, मधून सूर्य, नदी, झोपडी आणि मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी काढणाऱ्याला 'ए' मिळते. ते चित्र कुणाचं, हे नाव वाचल्याशिवाय कळत नाही. क्लासमध्ये बहुधा हेच घोटून घेतात.

मूल्यमापन नकोच, असं मी म्हणणार नाही. ब्रश धुऊन दुसरा रंग घेणं, रंगात पाणी किती घालायचं, हाती घेतलेलं पुरं करणं, हे शिकवता येतं आणि तपासताही येतं. गाण्याचंही तसंच. मूल ठेका धरतं का, दुसरा गात असताना ऐकतं का, हे पेटीवर बसलेल्या बाईंना दोन आठवड्यांत कळतं. गांधर्व महाविद्यालयाच्या 'प्रारंभिक'सारख्या परीक्षेला ठरलेला अभ्यासक्रम असतो, तिथे गुण देणं रास्तच आहे. पण सात वर्षांच्या मुलीचं चित्र मोठ्यांच्या नजरेतल्या 'बरोबर'शी ताडून पाहायचं नसतं. ते तिच्याच जूनमधल्या चित्राशी ताडायचं.

कागदावर हे सगळं मान्य आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर प्रगतिपत्रकात मुलाने स्वतःबद्दल आणि सोबत्यांनी एकमेकांबद्दल सांगायलाही जागा आहे. प्रत्यक्षात आठवड्याला एक तास, तोही परीक्षा जवळ आली की गणिताला जातो, आणि समोर पन्नास मुलं. एका दुपारच्या एका कागदावरून ग्रेड पडते. शिक्षिकेला तरी किती बोल लावायचा?

तरी मला घाई वाटते, कारण नऊच्या पुढे मूल स्वतःच कडक परीक्षक होतं. "हे खऱ्यासारखं दिसत नाही" म्हणून खोडरबराने कागद फाडतं. पुष्कळांचं चित्र काढणं तिथेच सुटतं. सातव्या वर्षी लाल फुली मिळाली, तर ते त्याआधीच सुटेल.

म्हणून पालकसभेत ग्रेडवरून भांडू नका. "हिचं जूनमधलं चित्र आहे का? शेजारी ठेवून पाहू या का?" एवढं विचारा. शाळेत नसेल तर घरी फाइल करा. महिन्याला एक चित्र पुरे. मागे तारीख घाला आणि चित्राबद्दल मूल जे सांगेल ते एक वाक्य त्याच्याच शब्दांत लिहा. मराठीत सुरू होऊन गुजरातीत संपलं तर तसंच राहू द्या. सुधारू नका.