सोहारचे खारे पाणी

सोहार हे नाव आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या कानांवर गेले असेल. मस्कतच्या वायव्येस सुमारे 200 किलोमीटरांवर, ओमानच्या किनाऱ्यावर हे शहर वसले आहे. 2004 साली तेथील नवे बंदर सुरू झाले आणि त्याच्या आसऱ्याने तेलशुद्धीकरणाचे, अॅल्युमिनियमचे व पोलादाचे कारखाने उभे राहून मोठी औद्योगिक वसाहत झाली. परंतु आम्हांस या शहराचा परिचय झाला तो एका जुन्या ग्रंथातील कथेमुळे. बुजुर्ग इब्न शहरियार या दर्यावर्द्याने दहाव्या शतकात हिंदुस्थानच्या नवलकथा लिहिल्या, त्यांत इसहाक नावाचा एक यहुदी येतो. तो दोनशे दीनार घेऊन ओमानहून हिंदुस्थानास गेला आणि तीस वर्षांनी, इ. स. 912 च्या सुमारास, चीनच्या मालाने भरलेले स्वतःचे जहाज घेऊन सोहारास परतला. आपले पूर्वज ज्या समुद्रातून नवगावच्या किनाऱ्यास लागले असे आपण मानतो, त्याच समुद्रावरची ही ये-जा होती.

त्या समुद्राच्या प्रकृतीविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

सोहारच्या उत्तरेस होर्मुझची चिंचोळी सामुद्रधुनी आहे, आणि तिच्या आत इराणचे आखात. हे आखात म्हणजे एकच दार असलेली खोली होय. त्याची सरासरी खोली अवघी 35 मीटर आहे. युरोपातील बाल्टिक समुद्रही असाच जवळजवळ कोंडलेला, परंतु त्यास नद्या भरपूर आणि ऊन बेताचे, म्हणून त्याचे पाणी मचूळ राहिले. आखातात नद्या थोड्या, आणि दर वर्षी दीड-दोन मीटर पाण्याची वाफ होते. त्यामुळे येथील पाणी महासागराहून खारट आहे. हे जड पाणी तळाशी बसते व होर्मुझमधून खालच्या थराने बाहेर ओमानच्या समुद्रात उतरते. वरच्या थराने ताजे पाणी आत येते. आखाताचे पाणी असे पालटावयास तीन ते पाच वर्षे लागतात.

बाहेर उतरणारे हे पाणी आपल्याबरोबर प्राणवायूही खोलवर नेते. आखात तापू लागले की पाणी हलके होते, पुरेसे बुडत नाही, आणि खालच्या थरांस प्राणवायू मिळेनासा होतो, असे तज्ज्ञांचे मत आहे. ईस्ट अँग्लिया विद्यापीठ आणि ओमानचे सुलतान काबूस विद्यापीठ यांनी पाण्याखाली यांत्रिक उपकरणे सोडून मोजणी केली. 2018 साली त्यांनी प्रसिद्ध केले, की ओमानच्या आखातात प्राणवायू जवळजवळ नाहीसा झालेला प्रदेश स्कॉटलंडहून मोठा आहे. सुरमई आणि तारली यांवर पोट असलेल्या कोळ्यांस या वार्तेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आता पिण्याच्या पाण्याकडे वळू. सोहारास समुद्राचे पाणी गोडे करून पुरविले जाते. या कामी समुद्रातून दोन हंडे पाणी घ्यावे तेव्हा जेमतेम एक हंडा गोडे पाणी हाती येते. उरलेले, जवळजवळ दुप्पट खारट झालेले, पुन्हा समुद्रातच जाते. सूर्य जेवढी वाफ करतो त्यापुढे माणसाचा हा उपद्व्याप अल्प आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण नळाच्या तोंडापाशी राहणाऱ्या जिवांस ते समाधान उपयोगाचे नाही. उलट समुद्रही आपला हिशेब चुकता करतो. 2008 सालच्या ऑगस्टात ओमानच्या समुद्रात सूक्ष्म शैवालाची तांबडी लाट उठली, ती आठ महिन्यांहून अधिक काळ रेंगाळली. हजारो टन मासळी मेली, आणि पाणी गोडे करणारी काही केंद्रे बंद ठेवावी लागली. हे शैवाल या भागात पूर्वी नोंदलेले नव्हते. जहाजे तोल राखण्यासाठी परदेशी बंदरांत जे पाणी भरून घेतात त्यातून ते आले असावे, असा एक तर्क आहे. अशा पाण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार 2004 साली झाला, आणि अंमलात यावयास 2017 साल उजाडले!

सोहारच्या मागील बातिना मैदानात विहिरींना पंप बसले, उपसा वाढला, आणि समुद्र जमिनीखालून आत शिरून खजुराच्या बागा वाळू लागल्या. हे वाचताना आम्हांस अलिबागकडील खारजमिनी आठवल्या. तेथे समुद्र वरून येई, म्हणून बांध घालून भात पिकवीत. येथे तो खालून येतो, त्यास बांध कोठे घालणार? दोन्ही किनाऱ्यांच्या खाड्यांत मात्र तिवराचे तेच झाड उभे आहे.

आपणही आज इस्राएलमध्ये समुद्रच पितो. अश्कलोनचे केंद्र 2005 साली सुरू झाले, आणि अश्दोद-अश्कलोनच्या आमच्या भगिनी त्याच पाण्यावर शुक्रवारचा स्वयंपाक करतात. 2008 सालची ती लाट भूमध्य समुद्रात उठली असती, तर त्यांच्या चुलीवर काय चढले असते?

खारबांध फुटल्यावर गावाने तो कसा बांधून काढला, याची आठवण ज्या वडीलधाऱ्यांपाशी असेल त्यांनी ती आम्हांस लिहून कळवावी. ती पुढील अंकात छापू.