वीस सुया ओवून ठेवा

दसरा उरकला की आमच्या ऑफिसात दोनच विषय. बोनस किती, आणि गावी जायचं रिझर्व्हेशन झालं का? मी पुण्यात, घर नागापूरला. नगर-मनमाड रोडवर, एमआयडीसीच्या शेजारी. नगरचं २०२४ साली अहिल्यानगर झालं, पण बसमध्ये चढताना तोंडात अजून 'नगर'च येतं. सव्वाशे किलोमीटरही नाही, तरी महिन्यातून एकदा जायचं म्हटलं की डेडलाइन आडवी येतेच. तुमचंही असंच ना?

आमचे बाबा टर्नर. तीस वर्षं लेथवर उभे होते. गेल्या वर्षी अर्धांगवायूचा हलकासा झटका आला. चालतात, बोलतात, पण उजव्या हाताची पकड गेली. दिवसभर टीव्हीसमोर. रिमोटसुद्धा डाव्या हातात. आई फोनवर म्हणायची, ''ते काही बोलतच नाहीत रे.''

मग मी काय केलं? आपण नेहमी करतो तेच. शॉपिंग! परदेशी साइट्सवर 'ज्येष्ठांसाठी ऑटम क्राफ्ट' ढिगाने सापडतात. सगळा भोपळे आणि लाल पानांचा कारभार. आपल्याकडे शरदात पानगळ कुठली, इथे ऑक्टोबर हीटने जीव जातो. तरी मी एक चकचकीत किट आणलंच. जाड ब्रश, फोमची पानं, चिकटवायचे डोळे. बाबांनी डबा उघडला, पाहिला, बंद केला. ''बालवाडीत घातलंस का मला?''

बॉस, तिथेच माझी पहिली चूक कळली. तीस वर्षं ज्याच्या हातचे पार्ट मशीनमध्ये बसले, त्याला 'वेळ जावा म्हणून' काहीतरी दिलं की अपमान वाटणारच. काम असं हवं, की ते झालं नाही तर घराचं अडेल. आणि आपल्या शरद ऋतूत अशी कामं चिक्कार आहेत. दिवाळी तोंडावर असते ना!

आमच्या घरी चाललेली तीन सांगतो.

आकाशकंदील : कामट्यांचा षटकोनी कंदील अवघड, म्हणून जाड कार्डशीट घ्या. लांबीत मधोमध घडी घाला. घडीच्या बाजूने दर अर्ध्या इंचावर काप द्या, पण समोरच्या कडेला एक इंच सोडा. घडी उलगडा, आखूड बाजू एकमेकींना जोडून नळी करा, वरून किंचित दाबा. मधे फुगतो. खाली झिरमिळ्या, वर दोरा. आत मेणबत्ती किंवा तापणारा बल्ब नको, एलईडीच लावा.

बाबांनी डाव्या हाताने पट्टी धरली आणि आखायला बसले. ''अर्धा इंच म्हणजे चार सूत. साडेचार नाही.'' कापताना उजवा हात थरथरला, एक काप वाकडा गेला. मी पटकन कात्री घेतली. दुसरी चूक! ते उठून पुन्हा टीव्हीसमोर जाऊन बसले. आईने माझ्याकडे असं पाहिलं, की मुकाट्याने कात्री त्यांच्यापुढे नेऊन ठेवली आणि म्हटलं, ''बाबा, मला सरळ जमत नाही.'' हे खोटं नव्हतं. माझे काप खरंच तिरके होते. बाबा परत आले. एका कंदिलाला दोन तास लागले. लागू देत. आपल्याला कुठे प्रॉडक्शन टार्गेट आहे?

वाती : हे आजीचं डिपार्टमेंट. वय चौऱ्याऐंशी. कापूस निवडून पिंजायचा, तळहातावर वळायचा, बोटाला दुधाचा थेंब. निरांजनातल्या तुपासाठी फुलवात : कापसाचा छोटा फुलका, मधे चिमटीत धरून वर पीळ. आजीला दिसतं कमी, पण वातीला डोळे लागत नाहीत, बोटांना ठाऊक असतं. आणि सीझन दिवाळीला संपत नाही. पुढे पंधरा दिवसांनी त्रिपुरी पौर्णिमा. तिला साडेसातशे पदरांची त्रिपुरवात लागते. गल्लीतल्या चार घरांची ऑर्डर आजीकडे असते. पैसे घेत नाही, पण कुणी विकतची आणली तर महिनाभर लक्षात ठेवते!

गोधडी : अख्खी नको, खांदे भरून येतात. दीड फुटाचं चौकोनी आसन करा. आईच्या जुन्या सुती साड्यांचे चार-पाच थर, कडेने सुरुवात करून आत आत धावदोरा. कापड गडद असेल तर दोरा पांढरा घ्या, म्हणजे टाका दिसतो. सुई मोठ्या नेढ्याची. थंडी पडेपर्यंत आसन तयार.

यात एकच गोची. आजीला सुई ओवता येत नाही. दोरा संपला की आई कामातून मोकळी होईपर्यंत ती हात मांडीवर ठेवून बसून राहायची. कधी कधी तासभर. कुणाला हाक मारायची नाही. हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं.

१ ऑक्टोबरला ज्येष्ठांचा आंतरराष्ट्रीय दिवस असतो. संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली जाहीर केला. त्या दिवशी ग्रुपवर हात जोडलेले फॉरवर्ड फिरतात, मीही पाठवलेत. आता माझी पद्धत बदलली आहे. रविवारी संध्याकाळी पुण्याची बस पकडण्याआधी वीस सुया घेतो, वीसही ओवतो आणि उशीला ओळीने टोचून ठेवतो. पाच मिनिटं लागतात. एका मेलला उत्तर द्यायला याहून जास्त जातात.

परवा आईचा फोन आला. म्हणाली, ''सुया संपल्यात. कधी येतोस?'' मागून बाबांचा आवाज, ''आणि त्याला सांग, दारातला कंदील दोन सूत तिरका टांगलाय!''

रिझर्व्हेशन केलंय. तुम्ही केलंत?