‘पार्टनर’ नावाची बढती

पार्टनर हा इंग्रजी शब्द मराठी माणसाने केव्हाच घरचा करून टाकला आहे. कॅरमच्या डावात समोर बसलेला गडी पार्टनर, खोलीतला सोबती पार्टनर, जन्माचा जोडीदारही पार्टनर. पेढीत भांडवल घालणारा तर पार्टनरच. डाव जिंकला तर दोघांचा, बुडाला तरी दोघांचा, हे या साऱ्यांत गृहीत आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्यातील व्याख्याही नफा वाटून घेण्याच्या करारावरच उभी आहे.

मग भरपावसात पाठीवर खोके बांधून दुचाकी हाकणाऱ्या ज्या तरुणाला ॲपवाल्या कंपन्या ‘डिलिव्हरी पार्टनर’ म्हणतात, तो कोणत्या नफ्याचा वाटेकरी? गाडी त्याची, पेट्रोल त्याचे, अपघातात मोडणारा पायही त्याचाच. दर मात्र कंपनी ठरविते, आणि आयडी बंद करून त्याला घरी बसविणारीही तीच. गिरणीमालक निदान कामगाराला कामगार म्हणत असे! तसे म्हटले की किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, सामुदायिक वाटाघाटी हे सारे ओघाने येते. ते चुकविण्यासाठीच ही बढती.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली कराराच्या शब्दांपलीकडचा प्रत्यक्ष व्यवहार पाहिला व उबरच्या चालकांना किमान वेतनाचा आणि पगारी रजेचा हक्क दिला. भारतात २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेली सामाजिक सुरक्षा संहिता मात्र ‘गिग वर्कर’ची व्याख्याच पारंपरिक मालक-नोकर संबंधाबाहेरचा म्हणून करते, आणि कंपन्यांनी उलाढालीचे एक-दोन टक्के निधीत टाकले की भागले असे मानते. संघटनांच्या मागणीपत्रकात या व्याख्येच्या दुरुस्तीचे कलम पहिले असले पाहिजे, दरवाढीचे त्यानंतर.