मोलेच्या रानात सायकल कुठवर?

फोंड्याहून मोले, मोलेहून आत तांबडी सुर्ला, रात्रीचा मुक्काम कुळ्याला, मग सांगेमार्गे रिवण आणि नेत्रावळी. गोव्याचा किनारा नको, डोंगर हवा असं म्हणणाऱ्या सायकलस्वाराला कुणीही हाच मार्ग सुचवील. चढ आहेत, पण दम काढणारे थोडेच. रस्ता बहुतेक डांबरी, सावली भरपूर, आणि वाटेत थांबण्याजोगं इतकं की दिवसाला चाळीस किलोमीटरसुद्धा जास्त वाटावेत. मागच्या चाकाला सामानाच्या पिशव्या लावून चार-पाच दिवस हिंडणाऱ्यांना असा मुलूख पश्चिम घाटात फार ठिकाणी मिळायचा नाही. म्हणून प्रश्न आत्ताच विचारलेला बरा. या रानात सायकलींना आवर्जून बोलवावं, की आपसूक येतात तेवढ्याच पुरेत?

प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. भगवान महावीर अभयारण्य आणि त्याला लागून असलेलं मोले राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारे २४० चौरस किलोमीटरचं हे जंगल. उत्तरेला म्हादई, दक्षिणेला नेत्रावळी, घाट चढून पूर्वेला गेलं की कर्नाटकातला काळी व्याघ्र प्रकल्प. गवे, बिबटे, नागराज, शेकरू, धनेश यांचं हे घर आहे आणि वाघाचा येण्या-जाण्याचा मार्गही. अशा जागेत माणसांची एक नवी वर्दळ सुरू करायची, तर ती दोन चाकांची आहे आणि धूर सोडत नाही, एवढ्यावर तिचा विचार आटपता येत नाही.

शिवाय इथे रान आणि इतिहास वेगळे काढता येत नाहीत. तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ कदंबांच्या काळातलं, बाराव्या-तेराव्या शतकातलं. गोव्याची भूमी जांभ्याची, देऊळ मात्र करड्या-काळ्या बेसाल्टचं. तो दगड घाटावरून उतरवून आणला असावा असं मानतात. गर्भगृह, अंतराळ, खांबांचा मंडप, मंडपात शिर तुटलेला नंदी आणि एका खांबाच्या पायथ्याशी घोड्याला पायाखाली घेणारा हत्ती. कदंबशैलीचं इतकं शाबूत देऊळ गोव्यात दुसरं नाही. ते टिकलं याचं मोठं श्रेय आडवळणाच्या जागेला दिलं जातं. किनाऱ्याजवळची कितीतरी देवळं गेली, हे घाटाच्या पायथ्याशी नदीकाठी झाडीत राहून गेलं. दक्षिणेकडे रिवणजवळ उसगाळीमळला कुशावतीच्या काठी जांभ्याच्या सड्यावर बैल, मोर, नाचणारी स्त्री आणि एक चक्रव्यूहासारखी आकृती कोरलेली आहे. पुरातत्त्व खात्याला ही चित्रं १९९३ च्या सुमारास कळली. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, पण प्रागैतिहासिक असल्याबद्दल फारसा वाद नाही. पावसाळ्यात कुशावती या सड्यावरून वाहते. म्हणजे एक ठेवा झाडीनं राखला, दुसरा पाण्यानं आणि विस्मृतीनं. माणसांना तिथवर सहज पोचवणारी कुठलीही योजना ही राखण थोडी सैल करणार, हे आधीच कबूल केलेलं बरं.

आता सायकलच्या बाजूनं. तांबडी सुर्लापर्यंतचा रस्ता आहेच आणि त्यावरून मोटारी, टॅक्सी, सहलीच्या बसगाड्या जातातच. बसगाडीतला प्रवासी देवळापाशी अर्धा तास काढतो, फोटो घेतो, किनाऱ्यावर परततो. जेवण, मुक्काम, खरेदी सगळं तिकडेच. सायकलवाल्याला ते जमत नाही. त्याला वाटेत पाणी लागतं, चहा लागतो, सकाळी पातळ भाजी-पाव आणि दुपारी शीत-कडी लागते, संध्याकाळी अंग टाकायला खोली लागते. त्याचा पैसा कमी असेल, पण तो साकोर्ड्यात, कुळ्यात, रिवणात पडतो. खाणी बंद पडल्यानंतर धारबांदोडा आणि सांगे तालुक्यांनी जे सोसलं, ते पाहता हा मुद्दा बाजूला सारण्यासारखा नाही. उद्यानात देवळाइतकी दुसरी ओढ दूधसागरची. कुळ्याहून तिकडे जीपगाड्या ओढ्यांच्या पात्रातून जातात. त्यांच्या मानानं सायकल म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

पण सायकलच्या ज्या गुणाचं सर्वांत जास्त कौतुक होतं, तोच इथे अडचणीचा आहे. ती आवाज करत नाही. इंजिनाची चाहूल गव्याला दुरून लागते आणि तो रस्त्यातून बाजूला होतो. उतारावर वेगानं येणारी सायकल वळणाच्या पलीकडून थेट त्याच्या पुढ्यात उभी राहते. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या मोंटानात, ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात, एक सायकलस्वार असाच वळणावर ग्रिझली अस्वलावर आदळला आणि अस्वलानं त्याला ठार केलं. गवा म्हणजे अस्वल नव्हे, मान्य. पण पूर्ण वाढलेला नर टनाच्या घरातला असतो आणि बिथरला तर सायकलस्वाराच्या अंगावर हेल्मेटपलीकडे काही नसतं. त्यात सायकलवाल्यांची आवडती वेळ कोणती? भल्या पहाटेची. जनावरं पाण्यावरून परतण्याची वेळही तीच.

दुसरी अडचण पल्ल्याची. पायी जाणारा रानात दिवसाला जेवढं आत शिरेल, त्याच्या कितीतरी पट सायकलवाला शिरतो. डांबर संपलं की लाल मातीची वाट दिसते, ती कुठे जाते हे पाहण्याचा मोह आवरत नाही, आणि घरी आल्यावर ती वाट स्ट्राव्हा या ॲपवर सगळ्या जगाला दिसते. पुढच्या शनिवारी तिथे दहा जण. कायद्यातली रेघही नेमकी इथेच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यानं प्रवास करणाऱ्याला परवाना लागत नाही. रस्ता सोडून पर्यटनासाठी आत जायचं तर लागतो. किती सायकलस्वारांना हे ठाऊक असतं?

आणि तिसरी अडचण, जी खरं तर सायकलची नाहीच, ती सोहळ्याची. एकटादुकटा भटक्या वेगळा आणि दोनशे जणांची राइड वेगळी. तिच्यामागे सामानाच्या गाड्या, पाण्याच्या बाटल्यांची खोकी, रंगीत कमानी, ध्वनिक्षेपक आणि वरून ड्रोन. ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द अशा कार्यक्रमांच्या फलकांवर सर्वांत मोठ्या अक्षरांत असतो.

देशात दाखले दोन्हीकडचे आहेत. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात पर्यटक पायी, सायकलनं किंवा सायकलरिक्षातून फिरतात. पक्षी आणि माणसं दोघांनाही ते मानवलं आहे. पण भरतपूर म्हणजे सपाट पाणथळ, मोलेसारखा गच्च झाडीचा उतार नव्हे. मुंबईकरांना जवळचं उदाहरण बोरिवलीचं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात लोक सायकलनं कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत जातात, आणि ते बिबट्यांचं रान आहे. तिथे हे निभतं, कारण रस्ता एकच, फाटक एकच आणि उघडण्या-बंद होण्याची वेळ ठरलेली. मोलेला एक फाटक नाही. तिथे राष्ट्रीय महामार्ग आहे, रेल्वे आहे, गावं आहेत, आणि गावांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं आहेत.

त्या माणसांचा विचार या चर्चेत नेहमी शेवटी येतो. जानेवारी २०२० मध्ये उत्तरेकडच्या म्हादईच्या रानात, सत्तरीतल्या गोळावलीच्या परिसरात चार वाघ विषबाधेनं मेले. वाघांनी गुरं मारली, भरपाईचा भरवसा नव्हता, आणि ज्यांची गुरं गेली ते गरीब होते. त्या कृत्याचं समर्थन होत नाही. पण अभयारण्याचे निर्बंध आपल्यावर आणि अभयारण्याची मजा बाहेरच्यांना, ही भावना तिथे खरी आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं जुलै २०२३ मध्ये व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला, तेव्हा गावांतून उमटलेली भीतीही याच भावनेतून आली. रानात गुरं नेणाऱ्या गवळी धनगराला अडवायचं आणि हजारोंची सायकल घेऊन आलेल्याला टाळ्या वाजवून आत सोडायचं, हे चालणार नाही. सत्तरीतल्या देवराया या बाबतीत आपल्या कायद्यांहून सरळ आहेत. बांबरच्या निरंकाराच्या राईत कुणी काय करायचं नाही हे गावानं ठरवलं आणि ते सर्वांना सारखंच लागू केलं. जायफळाच्या कुळातल्या झाडांची तिथली दुर्मीळ दलदल त्यामुळेच उरली.

यावर एक उत्तर हमखास येतं. मोलेवरचं खरं संकट चौपदरी महामार्ग, रेल्वेचा दुसरा मार्ग आणि विजेची उच्चदाब वाहिनी हे आहे, मग सायकलवाल्यांच्या मागे कशाला लागता? उत्तरात तथ्य आहे. २०२० च्या नोव्हेंबरात चांदरला लोक रात्रभर रुळांवर जमले ते सायकलींविरुद्ध नव्हे. कॅसलरॉक ते कुळे मार्गाच्या दुपदरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीनं दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये रद्द केली, तेव्हा त्या लढ्याला बळ आलं. पण मोठं नुकसान लहान नुकसानाचा परवाना होत नाही. उलट, रान वाचवा म्हणणाऱ्यांनी स्वतःच्या सुट्टीसाठी मात्र सूट मागितली, तर पुढच्या प्रकल्पाच्या सुनावणीत तेच त्यांच्याविरुद्ध वापरलं जाईल.

आमचं मत असं: सायकल मोटारीच्या जागी येणार असेल तर यावी, मोटारींच्या भरीला येणार असेल तर नको. हा निकष लावला की बरंचसं आपोआप निवडलं जातं. तांबडी सुर्लाच्या रस्त्यावर शेवटचे काही किलोमीटर पर्यटकांच्या खासगी गाड्या बंद करून तिथून पुढे भाड्याची सायकल किंवा गावकऱ्यांनी चालवलेली लहान बस, असं होणार असेल तर सायकलचं स्वागत. म्हाताऱ्यांची आणि चालता न येणाऱ्यांची सोय बसमध्ये आहेच, आणि गावातल्या गाड्यांना, महाशिवरात्रीला देवदर्शनाला येणाऱ्यांना हा निर्बंध लागू करायचं कारण नाही. रानात नवी सायकलवाट मात्र एक मीटरही नको, ‘फक्त मातीची’ असली तरी. सामूहिक राइड अभयारण्याबाहेर व्हावी. फोंडा ते धारबांदोडा रस्ता त्यासाठी पुरेसा लांब आहे. उसगाळीमळला सायकल सड्याच्या बऱ्याच अलीकडे उभी राहावी, कारण जांभ्यावरची रेघ टायरला दिसत नाही.

या मताला मोठा आक्षेप जीपवाल्यांचा आणि टॅक्सीवाल्यांचा असेल, आणि तो खोटा नाही. गोव्यात प्रवासी वाहतुकीवर हजारो घरं चालतात, सायकल भाड्यानं देण्यात तेवढी कमाई नाही. म्हणून दूधसागरच्या जीप आज बंद करा असं आम्ही म्हणत नाही. तांबडी सुर्लापासून सुरुवात करावी, सायकल आणि बस दोन्हींचा ठेका त्याच पंचायतींतल्या लोकांना द्यावा आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढे चारच महिने प्रयोग करावा. वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. पाऊस आणि कडक उन्हाळा दोन्ही टळतात आणि पहाटेची वेळ जनावरांकडे राहते. किती सायकली गेल्या, किती गाड्या कमी झाल्या, रस्त्यावर काय मेलं, गावात किती पैसा आला, याची नोंद वनखात्यानं ठेवावी आणि मार्चमध्ये ती उघड करावी. गाड्या तेवढ्याच राहिल्या असतील तर प्रयोग तिथेच थांबवावा.

मोलेतून जाणारा महामार्ग ज्या अनमोड घाटानं वर चढतो, तिथल्या वाहतुकीसाठी मात्र प्रयोगाची वाट पाहायची गरज नाही. बंदीपूरच्या जंगलातून जाणारा महामार्ग २००९ पासून रात्री बंद असतो. बेळगावची भाजी गोव्याच्या ताटात येते म्हणून इथे पूर्ण बंदी कदाचित जमणार नाही. पण मोले चेकनाक्यापासून राज्याच्या हद्दीपर्यंत ट्रकांचा रात्रीचा वेग बांधून देणं आणि तो कॅमेऱ्यानं तपासणं राज्य सरकारला याच हंगामात करता येईल.