थायलंडच्या शाळेत इंग्रजी शिकवायला जायचंय?

मागच्या महिन्यात मला एका एजंटचा फोन आला. "मॅडम, तुम्ही बीए इंग्लिश ना? थायलंडच्या शाळेत जॉब आहे. टूरिस्ट म्हणून या, बाकीचे कागद तिकडे गेल्यावर होतील. फक्त प्रोसेसिंग फी आजच भरावी लागेल."

दिवसभर मिक्सर आणि साड्यांच्या जाहिरातींचा मजकूर लिहून डोकं आंबलेलं असताना असा फोन आला की माणूस मनातल्या मनात बॅग भरायला लागतो. मीही भरली. पैसे भरणार तेवढ्यात आई म्हणाली, "अगं, आधी इंदूरच्या ताईला तरी विचार."

ताई म्हणजे आईच्या मैत्रिणीची मुलगी. थायलंडमधल्या एका सरकारी शाळेत चार वर्षं इंग्रजी शिकवून ती परत आली आहे. मी बडोद्याहून व्हिडिओ कॉल लावला. तिने पगार विचारला नाही, शाळाही विचारली नाही. पहिला प्रश्न, "व्हिसा कुठला देतोय?"

"टूरिस्ट."

"मग तू शिक्षिका नाहीस, पर्यटक आहेस. तपासणी झाली तर शाळा हात वर करते आणि एजंटचा फोन बंद लागतो."

रीतसर रस्ता तिने समजावून सांगितला. आधी शाळा नक्की होते, मग शाळा कागद पाठवते. ते दाखवून थायलंडच्या दूतावासाकडून नॉन-इमिग्रंट बी हा व्हिसा घ्यायचा आणि तिथे पोहोचल्यावर वर्क परमिट काढायचं. शिवाय तिथल्या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा शाळेने मिळवलेली तात्पुरती परवानगी लागते. या परिषदेचं नाव आहे खुरुसफा. म्हणजे आपली गुरुसभाच! पदवी हवी, पोलिसांचा दाखला हवा. आणि ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांच्याकडून टोइकसारख्या परीक्षेचे गुण मागतात, टोइकमध्ये साधारण ६००. मातृभाषा कुठली हे अर्थातच पासपोर्टवरून ठरतं. तीन वर्षं शेक्सपिअर वाचला हे कोणी विचारत नाही.

"टूरिस्ट म्हणून या" हे वाक्य ऐकलं की ताईला धडकी का भरते, तेही तिने सांगितलं. थायलंडमध्ये कॉम्प्युटरवरची चांगली नोकरी आहे असं सांगून अनेक भारतीय तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेलं गेलं आणि तिथे त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामं जबरदस्तीने करून घेतली गेली. मार्च २०२५मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा ५००हून जास्त लोकांना परत आणलं. ते काही शिक्षक म्हणून गेले नव्हते, पण आमिषाची भाषा हीच होती. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी झालेल्या एजंटांची यादी असते. माझ्या एजंटचं नाव त्यात शोधायला मला पाच मिनिटं लागली. नव्हतं.

कागद नीट असले तरी सगळं सुरळीत होतं असं नाही. तिकडच्या कितीतरी जाहिरातींमध्ये 'फक्त नेटिव्ह स्पीकर' असं सरळ लिहिलेलं असतं, अर्जासोबत फोटोही मागतात. ताईला एका शाळेने चेहरा बघून दोन मिनिटांत नकार दिला होता. पुढे नोकरी लागली तेव्हा शेजारच्या वर्गातला इंग्लंडहून आलेला मुलगा, ज्याने त्याआधी कधी खडू हातात धरला नव्हता, तो तिच्यापेक्षा जास्त पगार घेत होता. फिलिपिन्सच्या शिक्षिकांचं तर याहून वाईट. संख्येने त्या भरपूर, कामाला वाघ, आणि पगार सहसा सगळ्यांत कमी.

बीएला आम्ही ब्रज काचरू यांची तीन वर्तुळं पाठ केली होती. श्रीनगरला जन्मलेल्या या भाषातज्ज्ञाने १९८५मध्ये मांडलं की इंग्रजी आता एकट्या इंग्लंड-अमेरिकेची नाही. त्या आतल्या वर्तुळाबाहेर भारतासारखे देश आहेत, त्याच्याही बाहेर थायलंडसारखे. मी ते दहा मार्कांसाठी लिहून विसरून गेले. त्या वर्तुळांवरून पगार ठरत असेल हे तेव्हा सुचलंच नाही.

पण वर्गात काय झालं ते ऐका. एका वर्गात पंचेचाळीस मुलं. 'स्कूल' म्हणा म्हटलं की उत्तर येई 'सकून'. थाई भाषेत शब्दाच्या शेवटच्या 'ल'चा 'न' होतो आणि सुरुवातीच्या 'स्क'मध्ये एक स्वर घुसतो. इंग्लंडचा मुलगा तोच शब्द आणखी मोठ्या आवाजात म्हणून दाखवायचा. ताईला मात्र तिचा इंदूरचा वर्ग आठवला, जिथे निम्मी मुलं 'इस्कूल' म्हणायची. आपल्याकडे स्वर आधी लागतो, त्यांच्याकडे मध्ये, एवढाच फरक! तिने मुलांना आधी सापासारखा नुसता 'स्स्स' काढायला लावला, मग 'कूल' म्हणायला लावलं, आणि हळूहळू दोन्ही जवळ आणलं. तीन दिवस वर्गात साप फिरत होते.

भूतकाळाचंही तसंच. थाई क्रियापद काळाप्रमाणे बदलतच नाही, म्हणून मुलं 'यस्टर्डे आय गो' म्हणतात. तिला ते चुकीचं नाही, तर्कशुद्ध वाटायचं. काल म्हटलंय ना, मग पुन्हा क्रियापद कशाला बदलायचं? हा प्रश्न तिलाही लहानपणी पडला होता.

"आणि 'अंडरस्टँड?' असं कधीच विचारू नकोस," ती म्हणाली. "पंचेचाळीस जण 'येस टीचर' म्हणतात. नाही म्हटलं तर टीचरला वाईट वाटेल ना!" ती विचारण्याऐवजी करून दाखवायला सांगायची.

तिला रडू आलं ते मात्र जूनमधल्या एका गुरुवारी. तिथे शिक्षकाला 'ख्रू' म्हणतात, हा आपल्या 'गुरू'मधूनच गेलेला शब्द. शाळेच्या वर्षाच्या सुरुवातीला, बहुतेक गुरुवारीच, वाय ख्रू म्हणजे गुरुवंदना होते. मुलं गुडघे टेकून फुलांची तबकं देतात. त्यात वांग्याची फुलं होती, कारण ती खाली झुकतात. आणि दूर्वा होत्या, कारण त्या भराभर पसरतात, तसं ज्ञान पसरावं. घरापासून इतक्या लांब, ओंजळीत दूर्वा!

जेवणाचं विचारलं तर हसली. भाजीतसुद्धा माशाचा सॉस असतो. शाकाहारी असाल तर 'जे' हा एकाक्षरी शब्द पाठ करूनच विमानात बसा. आणि पहिला पगार हातात येईपर्यंत पुरतील एवढे पैसे जवळ ठेवा, खोलीच्या डिपॉझिटसकट.

मी एजंटला मेसेज केला, "शाळेचं नाव आणि व्हिसाचे कागद पाठवा." उत्तर आलं, "मॅडम, तुम्ही फार प्रश्न विचारता." त्यानंतर फोन नाही.

जायचं मी अजून सोडलेलं नाही, टोइकची तयारी सुरू केली आहे. ताईने गृहपाठही दिलाय. दर रविवारी सोसायटीतल्या पाच मुलांना वीस मिनिटं इंग्रजी शिकवायचं, मध्ये एकही गुजराती किंवा हिंदी वाक्य न बोलता. पहिल्या रविवारी मी सात मिनिटं टिकले. या रविवारी मुलं येणार का, ते अजून त्यांनी कळवलेलं नाही.