टेन्शन आलं की केक: बेकिंगने ताण खरंच हलका होतो का?

सोमवारी सकाळी ऑफिसच्या पँट्रीत स्टीलचा एक डबा उघडा ठेवलेला असतो. आत बनाना ब्रेडचे काप किंवा ब्राउनी. कोणाचा वाढदिवस नसतो, प्रमोशन नसतं, लग्नही ठरलेलं नसतं. आणणारीला विचारलं तर उत्तर येतं, "अगं, काल डोकं फिरलं होतं, म्हणून बसले करत."

पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत आता हे नवीन राहिलेलं नाही. वरवर हा गोड विषय आहे, पण तो ज्या काळात वाढतोय तो काळ तितका गोड नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन ९० तासांवर गेले. मधल्या काळात, २०२४ मध्ये, पुण्यात एका बड्या कंपनीत नोकरीला लागलेल्या २६ वर्षांच्या सीए तरुणीचा मृत्यू झाला आणि तिच्या आईने कामाच्या ओझ्याबद्दल लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने खासगी आस्थापनांत दिवसाची कामाची मर्यादा ९ वरून १० तास करायला मंजुरी दिली. अशा वातावरणात रविवारी संध्याकाळी कोणी मैदा चाळायला घेत असेल, तर ती फक्त हौस असेलच असं नाही.

हे आलं कुठून?

मराठी घरात बेकिंग तसं उशिरा आलं. भाजण्याचं काम बेकरीचं होतं. दिवाळीच्या आधी रवा, मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीत जायचं आणि नानकटाई भाजून आणायची, हे अनेकांनी लहानपणी पाहिलं आहे. घरात केक व्हायचा तो कुकरमध्ये: शिट्टी आणि रबर काढून, तळाशी मीठ पसरून.

मार्च २०२० च्या लॉकडाऊनने चित्र बदललं. जगभर बनाना ब्रेड आणि सावरडोची लाट आली, अमेरिका-ब्रिटनमध्ये दुकानांतून मैदा आणि यीस्ट गायब झालं. आपल्याकडे बिस्किटांचा चुरा करून केलेला केक घरोघरी पोचला. लॉकडाऊन संपला, सवय राहिली.

पण मनाला बरं का वाटतं?

पहिलं कारण अगदी साधं आहे. भाजीत मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं. केक ओव्हनमध्ये गेल्यावर बेकिंग पावडर वरून घालता येत नाही. त्यामुळे मोजावं लागतं, क्रम पाळावा लागतो, आणि हात पिठाने माखलेले असताना बॉसचा मेसेज उघडता येत नाही.

दुसरं म्हणजे निकाल. ऑफिसात पाठवलेल्या रिपोर्टचं पुढे काय झालं, हे अनेकदा महिनाभर कळत नाही. केक ४० मिनिटांत फुगतो किंवा बसतो. काहीतरी आपल्या हातून पूर्ण झालं, ही भावना हल्लीच्या नोकऱ्यांत दुर्मीळ झाली आहे.

संशोधन काय सांगतं? न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या टॅमलिन कॉनर आणि सहकाऱ्यांनी ६५८ तरुणांना १३ दिवस रोज नोंदी करायला सांगितल्या. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या दिवशी लोकांनी काही सर्जनशील केलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना जास्त उत्साही वाटलं. उलट दिशेने, म्हणजे आज मूड चांगला म्हणून उद्या काही नवं केलं, असं दिसलं नाही. मात्र हा अभ्यास सर्जनशील गोष्टींचा होता, एकट्या बेकिंगचा नव्हे. 'बेकिंग थेरपी' म्हणणारी रील्स हा फरक सांगत नाहीत.

(कणीक तर आपल्या घरांत रोजच मळली जाते. तिला अजून कोणी थेरपी म्हटलेलं नाही.)

मग ऑफिसात कशाला न्यायचं?

कारण एकट्याने अख्खा केक संपत नाही, हे झालं व्यवहाराचं उत्तर. दुसरं उत्तर अमित कुमार आणि निकोलस एप्ली या अमेरिकेतल्या संशोधकांच्या २०२२ च्या प्रयोगांत सापडतं. त्यांनी लोकांना अनोळखी माणसांना हॉट चॉकलेट, कपकेक अशा छोट्या गोष्टी द्यायला लावल्या. देणाऱ्यांना वाटलं, यात काय विशेष! घेणाऱ्यांना प्रत्यक्षात त्याहून खूप जास्त आनंद झाला होता. त्यांच्यासाठी वस्तूपेक्षा कोणीतरी आपली आठवण ठेवली, हे मोठं होतं.

पेढे वाटणाऱ्या, दिवाळीचा फराळ शेजारी पोचवणाऱ्या समाजाला हे प्रयोगाशिवायही माहीत आहे. पण पेढ्याला कारण लागतं, निकाल लागतो. ब्राउनीचा डबा कारणाशिवाय येतो आणि ज्या टीममध्ये बोलणं फक्त डेडलाइनचं उरलंय तिथे दहा मिनिटं दुसरा विषय मिळतो.

अडचण इथे सुरू होते

पहिल्यांदा आणला तेव्हा कौतुक होतं. तिसऱ्यांदा "या सोमवारी काय आणतेस?" अशी विचारणा होते. मग अंडं चालत नाही म्हणून बिनअंड्याचा वेगळा, कोणाची चतुर्थी म्हणून आणखी काही. टीमच्या पार्टीचा केक आपोआप तिच्यावर येतो. इथे 'तिच्यावर' हा शब्द मुद्दाम आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८ मिनिटं. ज्या घरात बाईचा रविवारही ओट्यापाशीच जातो, तिथे आणखी एक तास स्वयंपाकघरात ही विश्रांती कशी? बेकिंगने बहुधा त्यालाच हलकं वाटतं, ज्याला ते न करण्याचीही मोकळीक आहे.

त्यात "तू विकत का नाहीस?" हा ठरलेला सल्ला. विकायला घेतलं की एफएसएसएआयची नोंदणी, ऑर्डरी, वेळेत डिलिव्हरी. कोणाला ते हवंही असेल, पण ताण घालवायला शोधलेली जागा तेव्हा दुसरी नोकरी होते.

आणि साखर?

जानेवारी २०२३ मध्ये ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीच्या तेव्हाच्या अध्यक्ष सुझन जेब यांनी ऑफिसात केक आणण्याची तुलना दुसऱ्याच्या सिगारेटच्या धुराशी केली आणि मोठा गदारोळ झाला. तुलना टोकाची आहे. पण ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह असलेल्या देशात (आयसीएमआरचा २०२३ मध्ये आलेला अभ्यास) ती नुसती हसण्यावारी नेता येत नाही. २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने ऑफिसांत तेल आणि साखरेचं प्रमाण सांगणारे फलक लावायला सुचवलं, तेही यासाठीच.

घरच्या केकचा हिशेब सोपा आहे. साखर एक वाटी, म्हणजे साधारण २०० ग्रॅम, आणि काप १०, तर एका कापात २० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. त्यामुळे डबा टेबलावर फिरवत आग्रह करण्यापेक्षा पँट्रीत ठेवणं बरं. ज्याला हवा तो घेईल, आणि शुगर असलेल्याला चारचौघांत "नको" म्हणत कारण द्यावं लागणार नाही.

केकच्या पलीकडे

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाशी संबंधित स्थिती म्हणून केली. व्याख्येतच तिचं मूळ कामाच्या जागी, न हाताळल्या गेलेल्या ताणात आहे. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही संघटनेने कर्मचाऱ्याला ताण सोसायला शिकवण्याबरोबर कामाचं स्वरूप बदलण्यावर आणि मॅनेजरना प्रशिक्षण देण्यावर भर दिला आहे. एचआरने बेकिंगची कार्यशाळा ठेवली आणि कामाचे तास तेच राहिले, तर सोमवारचा ताणही तेवढाच राहतो.

झोप उडाली असेल, रविवारी दुपारपासूनच छाती धडधडत असेल, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नसेल, तर प्रश्न केकच्या पलीकडचा आहे. केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत चालते आणि तिथे मराठीतही बोलता येतं.