ई-रुपयाला मतदार मिळतील, पण तो सीमा ओलांडेल का?

रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया, म्हणजे ई-रुपया, सर्वसामान्यांसाठी १ डिसेंबर २०२२ रोजी प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला. मुंबई, नवी दिल्ली, बंगळुरू आणि भुवनेश्वर ही पहिली चार शहरं. पुढच्या यादीत इंदूर आणि हैदराबादही होती. तरीही आज इंदूरच्या सराफ्यात किंवा बेळगावच्या गणपत गल्लीत ‘ई-रुपया घेता का?’ असं विचारलं, तर दुकानदार यूपीआयचा क्यूआर कोडच पुढे करील. गंमत म्हणजे त्याच कोडवर ई-रुपयाही चालतो, पण ते माहीत असलेले थोडेच.

आकडेही हेच सांगतात. मार्च २०२४ अखेर २३४ कोटींचा ई-रुपया चलनात होता, मार्च २०२५ अखेर तो १,०१६ कोटींवर गेला. वाढ चौपटीहून जास्त. पण देशात फिरणारी रोकड ३५ लाख कोटींच्या वर आहे. त्या हिशेबाने शंभर रुपयांच्या रोकडीमागे ई-रुपया तीन पैशांचाही नाही.

मागणी कुणाची?

तंत्रज्ञान तयार आहे, कायदाही आहे. २०२२ च्या वित्त विधेयकातून रिझर्व्ह बँक कायद्यातल्या ‘नोट’ या शब्दात डिजिटल नोट बसवली गेली. मात्र हे सगळं अर्थसंकल्पाच्या गठ्ठ्यातून झालं. लोकांपर्यंत चर्चा गेलीच नाही, त्यामुळे ई-रुपयाच्या बाजूने बोलणारा वर्गही तयार झाला नाही.

यूपीआयचं तसं नव्हतं. ते २०१६ मध्ये आलं, पाठोपाठ नोटबंदी झाली आणि लोकांना गरज पडली. ग्राहकाला फुकट, दुकानदाराला सुट्ट्याची कटकट नाही. ई-रुपया मात्र यूपीआयनंतर आला. दोन्हींत फरक आहे. यूपीआयमध्ये बँकेतली ठेव एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते, ई-रुपया ही थेट रिझर्व्ह बँकेची देणी आहे, खिशातल्या नोटेसारखी. पण त्यावर व्याज नाही. बँकेलाही उत्साह नाही, कारण वॉलेटमध्ये गेलेला रुपया तिच्या ठेवीतून कमी होतो. डिसेंबर २०२३ मध्ये रोजचे १० लाख व्यवहार झाले खरे, पण त्यासाठी बँकांनी आपल्याच कर्मचाऱ्यांचे भत्ते ई-रुपयात दिले होते. पुढे तो जोर ओसरला. जी गोष्ट मागायला कुणी आमदाराच्या दारात जात नाही, तिच्यासाठी आमदार कशाला बोलेल?

अमेरिकेत उलट झालं. तिथे खासगी क्रिप्टो कंपन्यांनी २०२४ च्या निवडणुकीत ‘फेअरशेक’ या राजकीय निधीमार्फत १३ कोटी डॉलरच्या आसपास खर्च केला. जानेवारी २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी सरकारी डिजिटल डॉलरवर बंदीचा आदेश काढला आणि जुलैमध्ये खासगी स्टेबलकॉइनच्या कायद्यावर सही केली. भारतात क्रिप्टोवर २०२२ पासून ३० टक्के कर आणि १ टक्का टीडीएस आहे. त्याची राजकीय किंमत कुणाला मोजावी लागली नाही, कारण त्यामागे संघटित मतं नाहीत.

वाट योजनांची

ई-रुपयाला मतं मिळवून देऊ शकणारी एकच वाट दिसते, ती राज्यांच्या योजनांची. ओडिशाने सुभद्रा योजनेत ती चाचपून पाहिली. महिलांना वर्षाला १० हजार रुपये दोन हप्त्यांत देणाऱ्या या योजनेत काही लाभार्थींना हप्ता ई-रुपयात दिला गेला. महाराष्ट्रात लाडकी बहीण, कर्नाटकात गृहलक्ष्मी, मध्य प्रदेशात लाडली बहना, गोव्यात गृह आधार. पक्ष वेगवेगळे, पण गणित सारखंच. हा पैसा उद्या ई-रुपयात आला, तर कोट्यवधी घरांत वॉलेट पोहोचेल आणि पाठिंबाही आपोआप उभा राहील.

यात फायदाही आहे. ई-रुपयाला ‘कशासाठी’ हे आधीच ठरवून देता येतं. खतासाठी दिलेला पैसा खताच्या दुकानातच खर्च होतो. सातबारा नावावर नसलेल्या कुळाला बँक कर्ज देत नाही, पण पैसा शेतीतच जाणार याची खात्री असेल तर देऊ शकते. स्टेट बँकेने ओडिशा आणि आंध्रात असा प्रयोग केला आहे.

सीमाभागाचा प्रश्न

फेब्रुवारी २०२४ च्या पतधोरणात रिझर्व्ह बँकेने आणखी एक गोष्ट सांगितली. ई-रुपया किती दिवसांत वापरायचा आणि कोणत्या भौगोलिक क्षेत्रात वापरायचा, हेही ठरवून देता येईल. मुंबई किंवा बंगळुरूत बसलेल्याला ही सोय वाटेल. निपाणीत बसलेल्याने मात्र दोनदा वाचावं.

सीमाभागातलं घर एका राज्यात नांदतं आणि दुसऱ्या राज्यात खरेदी करतं. निपाणीची बाई बाजाराला कागल-कोल्हापूरला जाते, रायबागचा पेशंट मिरजेला, सावंतवाडी-बांद्याचा पेशंट गोव्यात बांबोळीला. कोणतंही राज्य सरकार म्हणेल की आमच्या तिजोरीतला पैसा आमच्याच दुकानदाराकडे जावा. स्थानिक व्यापाऱ्यांनाही ते आवडेल, त्यांची मतंही मिळतील. गृहलक्ष्मीचे दोन हजार मग कोगनोळी नाक्यापर्यंतच चालतील. मिरजेच्या औषध दुकानात ते कागदाच्याही किमतीचे राहणार नाहीत.

रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २६ नुसार नोट भारतात कुठेही वैध चलन आहे. नोटेला राज्य नसतं, भाषा नसते. डिजिटल नोटही त्याच कायद्यातली नोट असेल, तर तिला नाक्यावर अडवणं त्या वचनाशी विसंगत ठरतं.

सक्तीने काम होत नाही, हे नायजेरियाने दाखवलंय. तिथे ई-नायरा ऑक्टोबर २०२१ मध्ये आला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अभ्यासात कोणत्याही एका आठवड्यात ९८.५ टक्के वॉलेट पडून असल्याचं आढळलं. नंतर नोटाबदलीने रोकड आटली आणि लोक रस्त्यावर उतरले.

म्हणून ई-रुपयाला पाठिंबा हवा असेल, तर अटी आधी लिहून यायला हव्यात. लाभार्थीला बँक खात्याचा पर्याय कायम राहावा. वापराचं बंधन परिपत्रकातून न घालता सभागृहात चर्चा होऊन यावं. राज्याच्या हद्दीची अट मात्र नकोच. सीमाभागाचं दुखणं असं, की इथली मतं दोन-तीन राज्यांत वाटली गेली आहेत आणि हा प्रश्न एकाही विधानसभेत आपलेपणाने मांडला जात नाही. हप्ता ई-रुपयात येऊ लागल्यावर विचारण्यापेक्षा आत्ता, योजना कागदावर असतानाच विचारलेलं बरं.